मूल होण्यासाठी उपचार सुरू करताना: खानदेशातल्या नवख्या जोडप्यांसाठी

जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात लग्नाला वर्ष-दीड वर्ष झालं की "काही शे का?" हा प्रश्न सुरू होतो, आणि तो विचारला जातो सुनेलाच. उपचारही मग तिथूनच सुरू होतात. सून सासूबरोबर किंवा जावेबरोबर दवाखान्यात जाते, तिचं रक्त, तिची सोनोग्राफी, तिच्या गर्भनळ्यांचा एक्स-रे, कधी दुर्बिणीचं ऑपरेशनही होऊन जातं. नवऱ्याची काहीशे रुपयांची वीर्यतपासणी राहते सगळ्यात शेवटी. मूल न होणाऱ्या साधारण निम्म्या जोडप्यांत पुरुषाच्या बाजूचं कारण असतं, एकटं किंवा बायकोच्या कारणाच्या जोडीला. म्हणून खालचा क्रम सोप्या आणि स्वस्त तपासणीकडून महागाकडे जातो, आणि पहिल्या दिवसापासून दोघांना बरोबर घेतो. फाइल दोघांची एकच करा. दवाखान्याने दोन केल्या तरी घरी एकाच पिशवीत ठेवा.

डॉक्टरकडे जायची वेळ आली का?

बायकोचं वय ३५च्या आत असेल, पाळी नियमित असेल आणि कुठलंही साधन न वापरता वर्ष गेलं असेल, तर तपासणी सुरू करावी. वय ३५च्या पुढे असेल तर सहा महिने पुरेत. चाळिशी आली असेल तर थांबूच नका. पाळी दोन-दोन महिने येत नसेल, पाळीत असह्य दुखत असेल, आधी नळीत गर्भ राहिला असेल, घरात किंवा स्वतःला टीबी होऊन गेला असेल, नवऱ्याचं लहानपणी अंडकोषाचं ऑपरेशन झालं असेल किंवा मोठेपणी गालगुंड होऊन अंडकोष सुजला असेल, तर वर्ष मोजत बसायचं कारण नाही.

मात्र वर्ष मोजायचं ते एकत्र राहिलेल्या महिन्यांचं. आपल्याकडे कितीतरी घरांत नवरा सुरतेला कापडाच्या कामात, चाकणला कंपनीत नाहीतर फौजेत, आणि बायको गावी. तो दिवाळीला आठ दिवस येतो, आखाजीला ती माहेरी जाते. अशा लग्नाला तीन वर्षं झाली तरी खऱ्या अर्थाने प्रयत्नाचे महिने सहा-सातच भरतात. अशा जोडप्याने आधी तीन-चार महिने सलग एकत्र राहायची सोय बघावी. सुट्टी मिळतच नसेल तर ते डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. नवऱ्याचं वीर्य गोठवून ठेवायची सोय असते, आणि बायकोच्या योग्य दिवसांत ते वापरता येतं.

दिवसांचा हिशोब असा. पाळी सुरू झाली तो पहिला दिवस. बायकोच्या बीजकोषातून बीज सुटतं ते पुढच्या पाळीच्या साधारण १४ दिवस आधी. म्हणजे २८ दिवसांची पाळी असेल तर चौदाव्या दिवसाच्या आसपास, ३५ दिवसांची असेल तर एकविसाव्या. सुटलेलं बीज १२ ते २४ तास टिकतं, शुक्रजंतू मात्र पोटात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहतात. म्हणून बीज सुटण्याआधीचे पाच दिवस आणि तो दिवस एवढाच काळ कामाचा. त्या काळात एक दिवसाआड संबंध आला की झालं. "शक्ती साठवून" पंधरा दिवसांनी एकदा, हा जुन्या मंडळींचा सल्ला उलटा आहे. फार दिवस साठलेल्या वीर्यातले जंतू मंद होतात.

आणखी एक गोष्ट, जी कुणी उघड बोलत नाही. काही जोडप्यांत संबंधच नीट होत नसतो. तिला वेदना होतात, किंवा त्याला ताठरता येत नाही, आणि लाजेपोटी दोघं गप्प राहतात. अशा जोडप्याला महागडी तपासणी नको, समुपदेशन आणि साधा उपचार हवा. डॉक्टरांसमोर सासू-सासरे बसलेले असतील तर त्यांना बाहेर बसायला सांगायची विनंती डॉक्टरांनाच करा.

जायच्या आधी घरच्या घरी

बायकोने फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करावी. दिवसाला ४०० मायक्रोग्रॅम ही साधारण मात्रा, काहींना डॉक्टर जास्तीची देतात. बाळाच्या मेंदूची आणि कण्याची घडण गर्भाच्या पहिल्या चार आठवड्यांत होते, म्हणजे पाळी चुकल्याचं कळेपर्यंत ती बरीचशी होऊनही गेलेली असते. म्हणून ही गोळी आधीपासून.

तंबाखू, गुटखा, बिडी बंद. बायकांची मिश्रीही यातच आली. दात घासायला म्हणून सकाळ-संध्याकाळ लावलेली मिश्री म्हणजे तंबाखूच. दारूचं वेगळं सांगायला नको. नवऱ्याने व्यायामशाळेत कुणाच्या सांगण्यावरून टेस्टोस्टेरॉनची इंजेक्शनं किंवा बॉडी बनवायच्या गोळ्या घेतल्या असतील तर त्या ताबडतोब थांबवून डॉक्टरांना सांगाव्यात. बाहेरून हार्मोन मिळालं की अंडकोष शुक्रजंतू बनवणं बंद करतात, कधी पार शून्यावर येतात. मर्दानगीची म्हणून घेतलेली सुई मुलाच्या आड येते, हे फार जणांना माहीतच नसतं.

शुक्रजंतू तयार व्हायला अंडकोषाचं तापमान शरीराच्या इतर भागापेक्षा दोन-तीन अंश कमी लागतं. भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो, तेव्हा भट्टीवर, वेल्डिंगवर किंवा ट्रकच्या इंजिनालगत तासन्‌तास बसणाऱ्याने शक्य तिथे काम बदलून घ्यावं, घट्ट जीन्स टाळावी, मांडीवर लॅपटॉप घेऊ नये. कपाशीवर फवारणी करताना हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचा सदरा, आणि घरी आल्यावर आधी आंघोळ. फवारणीचे कपडे बायकोने हाताने धुऊ नयेत.

बायकोचं वजन जास्त आणि पाळी अनियमित असेल तर आहे त्या वजनाच्या पाच ते दहा टक्के कमी झालं तरी पुष्कळ जणींची पाळी आपोआप रुळावर येते. ७० किलोच्या बाईला साडेतीन ते सात किलो. कळण्याची भाकरी, भाजी, वरण खाऊनही ते होतं, फक्त शेवभाजीवरचा तेलाचा तवंग आणि दिवसभराचा गोड चहा जरा आवरायचा.

पहिली तपासणी नवऱ्याची

दोन ते सात दिवस संबंध न ठेवता वीर्याचा नमुना द्यायचा. नमुना हाताने, लॅबने दिलेल्या निर्जंतुक डबीत. साधा कंडोम, तेल, साबण काही वापरायचं नाही, त्याने जंतू मरतात. सगळा नमुना डबीत आला पाहिजे. पहिला भाग सांडला असेल तर लाजू नका, लॅबवाल्याला सांगा, कारण जंतू जास्त असतात ते पहिल्याच भागात. नमुना तासाभरात लॅबमध्ये पोचायला हवा. गाव तासाभरापेक्षा लांब असेल, यावल-रावेरकडून जळगावला किंवा साक्रीकडून धुळ्याला यायचं असेल, तर घरून आणू नका, लॅबमध्येच द्या. जवळून आणत असाल तर डबी आतल्या खिशात अंगालगत ठेवा. उन्हाळा आहे म्हणून बर्फात ठेवू नका आणि मोटारसायकलच्या डिकीतही नको.

रिपोर्ट हातात आला की जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१च्या पुस्तिकेतले आकडे शेजारी ठेवून बघा. वीर्य १.४ मिलिलिटर, जंतू मिलिलिटरमागे १ कोटी ६० लाख, हालचाल करणारे ४२ टक्के, पुढे सरकणारे ३० टक्के, नीट घडणीचे ४ टक्के. ही खालची मर्यादा आहे. नीट घडणीचे चारच टक्के वाचून पुष्कळांना घाम फुटतो, पण तेवढे पुरतात. आकडा मर्यादेखाली आला तरी मूल होणारच नाही असा त्याचा अर्थ नव्हे, आणि आकडे चांगले आले म्हणजे काळजीच मिटली असंही नाही.

एका रिपोर्टवर काही ठरवू नका. शुक्रजंतू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात. त्या काळात डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, कुठलाही मोठा ताप येऊन गेला असेल तर रिपोर्ट घसरतो. खराब आला तर काही आठवड्यांनी, ताप येऊन गेला असेल तर तीन महिन्यांनी पुन्हा करा. दोन्ही वेळा खराब आला तर त्या नवऱ्याला स्वतंत्र डॉक्टर हवा, मूत्रविकारतज्ज्ञ किंवा पुरुषवंध्यत्वाचा जाणकार. अंडकोषाच्या शिरा फुगलेल्या आहेत का, हार्मोन कमी आहे का, वाट बंद आहे का, ते तो तपासेल. जंतू शून्य आले तरी काहींच्या अंडकोषातून सुईने जंतू काढता येतात. "ताकदीच्या" पुड्या विकणाऱ्या तंबूवाल्याकडे ही तपासणी होत नाही.

मग बायकोच्या

पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रक्त: एफएसएच, एलएच ही बीज वाढवणारी हार्मोनं, सोबत थायरॉइडसाठी टीएसएच आणि प्रोलॅक्टिन. एएमएच कुठल्याही दिवशी चालतं. बिजांचा साठा किती उरला याचा अंदाज त्यातून येतो. ते कमी आलं म्हणजे मूल होणार नाही असं नसतं, पण वेळ दवडू नये एवढं त्यातून कळतं. आतून केलेल्या सोनोग्राफीत गर्भाशय आणि बीजकोष दिसतात. ही तपासणी पाळीच्या दिवसांतही करतात, त्यात संकोच नको. हिमोग्लोबिन, साखर, रक्तगट, एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस या तपासण्या दोघांच्याही होतात. रुबेला या गोवरासारख्या आजाराची प्रतिकारशक्ती नसेल तर लस घेऊन महिनाभर दिवस राहू द्यायचे नाहीत, म्हणून तीही सुरुवातीलाच बघून घ्या.

नळ्यांचा एक्स-रे, म्हणजे एचएसजी, पाळी थांबल्यावर, पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून साधारण सहाव्या ते दहाव्या दिवसात होतो. गर्भाशयातून औषध सोडून नळ्या मोकळ्या आहेत का ते बघतात. दुखतं. किती, ते बाईबाईवर आहे. आधी दुखण्याची गोळी कोणती घ्यायची ते विचारून ठेवा, एकटीने बसने परत येऊ नका. नवऱ्याचा रिपोर्ट येण्याआधी मात्र एचएसजीला तयार होऊ नका. त्याचे जंतू अगदीच कमी निघाले तर पुढची वाट सरळ टेस्ट ट्यूबची, म्हणजे प्रयोगशाळेत गर्भ तयार करून आत सोडायची असते, आणि तिथे नळ्यांची गरजच पडत नाही.

नळ्या बंद निघाल्या तर आपल्याकडे जननेंद्रियाच्या टीबीचा विचार करावाच लागतो. छातीला टीबी नसतानाही तो तिथे असू शकतो. निदान झालं तर सरकारी टीबी केंद्रात औषध फुकट मिळतं. पण गर्भाशयाच्या तुकड्याची एकच पीसीआर चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून लगेच सहा महिन्यांचा कोर्स सांगितला, तर "आणखी कशावरून?" एवढं विचारा, हवं तर दुसरं मत घ्या.

सिकलसेल: हे विसरू नका

नंदुरबार जिल्हा, शिरपूर-साक्रीचा आदिवासी भाग, चोपडा-यावल-रावेरचा सातपुड्याचा पायथा इथल्या भिल्ल, पावरा, कोकणा, मावची समाजांत सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आढळतो. नवरा-बायको दोघंही वाहक, म्हणजे आजाराचा एकच दोषी जनुक असलेले, असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक. वाहकाला स्वतःला बहुतेक काहीच त्रास नसतो, म्हणून लग्नाआधी कुणी तपासत नाही. लाखाचा खर्च करून गर्भ राहिल्यावर हे कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. सरकारी दवाखान्यात सोल्युबिलिटीची चाचणी होते. ती पॉझिटिव्ह आली तर पक्क्या निदानासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी लागते. त्याच तपासणीत थॅलेसेमियाचा वाहकपणाही समजतो. दोघंही वाहक निघाले तर पुढचे पर्याय डॉक्टरांकडून समजून घ्या. गर्भात तपासणी होते, आणि टेस्ट ट्यूबच्या मार्गाने गेलात तर गर्भ आत सोडण्याआधीही.

कुठे जायचं

सुरुवातीच्या तपासण्या तालुक्याला किंवा जिल्ह्याला होतात. धुळे, जळगाव, नंदुरबार तिन्हीकडे सरकारी वैद्यकीय महाविद्यालयं आहेत, स्त्रीरोग विभागाची ओपीडी चालते. आययूआय, म्हणजे नवऱ्याचं धुतलेलं वीर्य नळीने गर्भाशयात सोडणं, आता जळगाव-धुळ्याच्या पुढेही मिळतं. टेस्ट ट्यूबसाठी लोक जळगाव, धुळ्यातल्या केंद्रांत जातात, नाहीतर नाशिक, छत्रपती संभाजीनगर, आणि अमळनेर ते नवापूर पट्ट्यातले सुरतला, कारण भुसावळ-सुरत रेल्वे दाराशी आहे. मोठं शहर म्हणजे चांगलं केंद्र, असं गृहीत धरू नका. मला विचाराल तर जवळ बरं केंद्र असेल तर जवळचंच धरावं. बीजाची वाढ बघायला एक दिवसाआड सोनोग्राफी लागते, आणि धडगावहून किंवा अक्कलकुव्याहून एक दिवसाआड नाशिक कुणाला झेपत नाही. लांबचं केंद्र निवडलं तर "सोनोग्राफी आमच्या गावाजवळ करून रिपोर्ट पाठवला तर चालेल का?" हे पहिल्याच दिवशी विचारा. बरीच केंद्रं हो म्हणतात.

केंद्र निवडताना भिंतीवर नोंदणीचं प्रमाणपत्र बघा. सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञानाचा कायदा २०२१चा आहे. फक्त आययूआय करणारी केंद्रं पहिल्या स्तराची, टेस्ट ट्यूब करणारी दुसऱ्या स्तराची, आणि दोघांनाही नोंदणी सक्तीची आहे. उपचारासाठी वयाची मर्यादा बायकोला २१ ते ५०, नवऱ्याला २१ ते ५५.

मग बसून हे विचारा. गर्भ वाढवणारा तज्ज्ञ, म्हणजे एम्ब्रियॉलॉजिस्ट, इथे रोज असतो का? लहान शहरांत काही केंद्रं बाहेरून तज्ज्ञ बोलावतात आणि दहा-बारा बायकांचं बीज एकाच आठवड्यात काढतात, याला बॅच म्हणतात. बॅच वाईटच असते असं नाही, पण तुमच्या तारखा शरीराच्या सोयीने ठरतायत की बॅचच्या, ते कळलं पाहिजे. वीज गेली तर प्रयोगशाळेला काय आधार? आणि यशाचा आकडा सांगताना तो पॉझिटिव्ह टेस्टचा आहे की घरी गेलेल्या बाळाचा? माझ्या वयाच्या बायकांचा किती? पस्तिशीच्या आत चांगल्या केंद्रात साधारण तीन प्रयत्नांमागे एक बाळ. बेचाळिशी ओलांडली की स्वतःच्या बिजावर ते दहात एकाच्याही खाली येतं. "१०० टक्के खात्री" असा फलक दिसला तर पायऱ्या चढू नका. "मुलगाच होईल" म्हणणारा वैद्य, महाराज, डॉक्टर कुणीही असो, तो खोटं बोलतो. गर्भलिंग निवडणं १९९४च्या कायद्याने गुन्हा आहे, तपासणाऱ्याचाही आणि करून घेणाऱ्याचाही.

कागद आधीच जमवा. दोघांचं आधार, वयाचा पुरावा, फोटो, विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. गावाकडे लग्नाची नोंद राहिलेली असते. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत ती उशिरानेही होते. बायकोच्या आधारवर माहेरचं नाव आणि रिपोर्टवर सासरचं, यात पुढे संमतिपत्रांच्या वेळी अडतं, म्हणून पहिल्या रिपोर्टपासून आधारवरचंच नाव लिहायला लावा.

गोळ्या आणि आययूआय

बीज सुटत नसेल तर पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून पाच दिवस लेट्रोझोलसारखी गोळी देतात. मग सोनोग्राफीत बीजाची पिशवी वाढताना बघतात. ती १८ ते २० मिलिमीटर झाली की बीज सुटण्यासाठी ट्रिगरचं इंजेक्शन, आणि त्यानंतर साधारण ३६ तासांनी बीज सुटतं. इथवर घरच्या संबंधांवरही भागतं. नुसत्या गोळ्या देऊन सोनोग्राफी कुणी करत नसेल तर बीज वाढलं की नाही हे कळणार कसं? अशा गोळ्या सहा-सहा महिने खात राहू नका.

आययूआयमध्ये नवऱ्याचं वीर्य धुऊन चांगले जंतू बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. पाच-दहा मिनिटांचं काम, भूल लागत नाही. नळ्या मोकळ्या असल्या तर आणि जंतू बरे असतील तरच त्याला अर्थ. एका वेळी यशाची शक्यता दहा-पंधरा टक्क्यांच्या आसपास, म्हणून एकदा फसलं की हात टेकायचे नाहीत. पण तीन-चार, फार तर सहा वेळा करून पुढे जायचं. पस्तिशीच्या पुढच्या जोडप्याला कुणी दहाव्या आययूआयला बोलावत असेल तर वय वाया जातंय, डॉक्टर बदला.

टेस्ट ट्यूब, म्हणजे आयव्हीएफ

आपल्या राज्यात हे नवं नाही. मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून ऑगस्ट १९८६मध्ये टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं, त्याला आता चाळीस वर्षं होत आली. गावात तुमच्याआधी कुणी केलंच नसेल असंही नाही, फक्त कुणी सांगत नाही.

दहा-बारा दिवस रोज पोटात इंजेक्शन. अनेक बीजं एकदम वाढवायची. ट्रिगरनंतर ३४ ते ३६ तासांनी झोपेच्या भुलीत सुईने बीजं काढतात, वीसेक मिनिटांत होतं. त्या दिवशी उपाशीपोटी जायचं असतं आणि नवऱ्याने बरोबर असायलाच हवं, नमुना त्याच वेळी लागतो. प्रयोगशाळेत बीज आणि जंतू एकत्र येतात. जंतू कमी असले तर एकेक जंतू बिजात सुईने टोचतात, ती इक्सी. गर्भ तीन किंवा पाच दिवस वाढवून आत सोडतात, उरलेले गोठवतात. दोन आठवड्यांनी दिवस राहिले का ते बघायला बीटा एचसीजीची रक्तचाचणी.

इंजेक्शनांची काळजी उन्हाळ्यात फार घ्यावी लागते. पुष्कळ इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवायची असतात. खोक्यावर वाचा. फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको, गोठलेलं औषध निकामी होतं. प्रवासात थर्मासमध्ये बर्फाची पिशवी, पण शिशी बर्फाला थेट लागू देऊ नका, मध्ये कापड ठेवा. लोडशेडिंग लांबणाऱ्या गावात मेडिकलवाल्याशी बोलून औषध त्याच्याच फ्रीजमध्ये ठेवा आणि रोज एक आणा. सुई देणारी नर्स किंवा आशाताई जवळ असेल तर बरं. दहा मिनिटांत शिकून नवराही देऊ शकतो, अनेक जण देतात.

दोन धोके लक्षात ठेवा. बीजं काढल्यानंतरच्या आठवड्या-पंधरवड्यात पोट फुगून दुखणं, वजन झपाट्याने वाढणं, लघवी कमी होणं, धाप लागणं, याला ओएचएसएस म्हणतात, म्हणजे इंजेक्शनांनी बीजकोष प्रमाणाबाहेर चेतवले जाणं, लगेच फोन करायचा. आणि टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर एका बाजूला जोराचं दुखणं, चक्कर, रक्तस्राव हे नळीत गर्भ राहिल्याचं लक्षण असू शकतं. तेव्हा नाशिकच्या डॉक्टरची वाट न पाहता जवळच्या ऑपरेशनची सोय असलेल्या दवाखान्यात, फाइल घेऊन. म्हणून फाइल कुलूपबंद कपाटात नको.

गर्भ आत सोडल्यावर दोन आठवडे पाठीवर पडून राहायची गरज नसते. खड्ड्यांच्या रस्त्याने एसटीत बसलं म्हणून गर्भ पडत नाही, शिंकलं किंवा जिना चढलं म्हणूनही नाही. जड ओझी, पाण्याच्या कळशा, शेतातलं वाकून काम तेवढं टाळा. घरच्या किटवर घाईने टेस्ट करू नका. ट्रिगरचं औषध रक्तात असेपर्यंत खोट्या दोन रेघा येऊ शकतात. जुळी हवीत म्हणून दोन-तीन गर्भ सोडायचा हट्टही धरू नका, जुळ्यांत दिवस पूर्ण होण्याआधी बाळंतपणाचा धोका मोठा असतो.

पैसा

आययूआयला औषधांसकट साधारण पाच ते पंधरा हजार, आयव्हीएफच्या एका प्रयत्नाला दीड ते अडीच लाखांच्या घरात. पॅकेजचा आकडा ऐकून हो म्हणू नका. त्यात इंजेक्शनं आहेत का, भूल, इक्सी, गोठवणं, गोठवलेला गर्भ पुन्हा सोडणं, दरवर्षीचं साठवणीचं भाडं, सगळं कागदावर मागा. इंजेक्शनांचाच खर्च सगळ्यात जास्त वर-खाली होतो. नेहमीच्या आरोग्य विम्यात वंध्यत्वाचा उपचार वगळण्याच्या यादीत असतो, एक्सक्लुजन कोड १७ असा. नोकरीच्या ठिकाणचा ग्रुप विमा असेल तर एचआरला विचारा, काही कंपन्या देतात.

पहिल्या प्रयत्नालाच शेत गहाण टाकू नका. केळीचा किंवा कपाशीचा पैसा कधी हातात येतो त्यावर उपचाराचा महिना ठरवायला हरकत नाही, बायकोचं वय तिशीच्या आत-बाहेर असेल तर. एएमएच अगदी कमी असेल तर मात्र हंगामाची वाट बघू नये. आणि सुरुवातीलाच दोघांनी ठरवून ठेवा, किती प्रयत्न आणि एकूण किती रुपये. निराश झाल्यावर ठरवायला बसलं की माणूस कर्ज काढतो.

घरच्यांना काय सांगायचं

जेवढं झेपेल तेवढंच. पण दोष नवऱ्याच्या बाजूला निघाला आणि घराची अब्रू म्हणून बायकोनेच तो अंगावर घेतला, असं होऊ देऊ नका. हे फार घरांत होतं. मग तिला हळदीकुंकवाला, ओटी भरायला टाळतात, आणि खरं ठाऊक असलेला नवरा शेजारी बसून गप्प असतो. त्याने "तपासण्या दोघांच्या चालल्यात, डॉक्टर बघतायत" एवढं मोठ्याने सांगितलं तरी घरातला सूर बदलतो. घरात एकच माणूस विश्वासातला निवडा, नणंद, दीर, मोठी जाऊ, जिला तारखा माहीत असतील आणि जी गाडी काढील.

सप्तशृंगीला नवस बोला, कानबाई बसवा, कुणी अडवत नाही. फक्त अकराव्या-बाराव्या दिवसाची सोनोग्राफी गडावर जायच्या दिवशी आली तर गड पुढे ढकला. नवरात्राचे नऊ दिवस कडक उपास आणि इंजेक्शनं एकत्र करू नका. झाडपाल्याचं, मुळीचं औषध घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नका, त्यातली काही हार्मोनशी भिडतात.

पुढे नाही जमलं तर

दोन-तीन प्रयत्न फसल्यावर त्याच केंद्रात चौथा करण्याआधी सगळी फाइल दुसऱ्या केंद्राला दाखवा. त्यासाठी प्रत्येक वेळचा डिस्चार्ज कागद मागून घ्या. किती बीजं मिळाली, किती फळली, गर्भाची प्रत काय, किती सोडले, किती गोठवले. हे कागद तुमचा हक्क आहेत. दात्याचं बीज किंवा वीर्य वापरायचा विषय निघाला तर तो दोघांच्या लेखी संमतीनेच होतो. दाता कोण ते सांगत नाहीत, आणि जन्मलेलं मूल कायद्याने तुमचंच असतं. न सांगता दात्याचे जंतू वापरणं बेकायदा आहे, म्हणून संमतिपत्र मराठीत समजून घेतल्याशिवाय सही करू नका.

दत्तकाचा विचार असेल तर तो उपचार संपायची वाट न पाहता सुरू करा. नोंदणी केंद्रीय दत्तक संसाधन प्राधिकरणाच्या, म्हणजे काराच्या, संकेतस्थळावर होते. लहान बाळासाठी रांग काही वर्षांची असते आणि नवरा-बायकोच्या वयांच्या बेरजेला मर्यादा आहे, दोन वर्षांपर्यंतच्या बाळासाठी ८५. अर्ज भरायला अडचण आली तर जिल्हा बालसंरक्षण कक्षात मदत मिळते. गर्भ गोठवलेले असतील तर त्यांचं वार्षिक भाडं कुठल्या महिन्यात भरायचं ते दिनदर्शिकेवर लिहून ठेवा. कायद्याने ते दहा वर्षांपर्यंत ठेवता येतात, आणि पत्ता किंवा मोबाईल नंबर बदलला तर केंद्राला लेखी कळवायचं असतं.